खिम्याच्या पाकिटावर काय लिहिलंय

मागच्या रविवारी दहिवलीतल्या एका दुकानात मी फ्रीझरचं काचेचं झाकण सरकवून उभी होते. एका हातात खिम्याचं पाकीट, दुसऱ्या हाताने चष्मा नाकावर चढवतेय. पाकिटावरची अक्षरं इतकी बारीक, की मुंग्यांची रांग बरी. बिलाच्या टेबलावरचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. दहावीला मराठीत काठावर पास झालेला. तो तिथूनच ओरडला, "टीचर, धडा पाठ करताय काय? झाकण लावा, बाकीचा माल विरघळेल."

त्याचं बरोबर होतं. मी झाकण लावलं आणि बाहेर उभी राहून उरलेलं वाचलं.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवून मला वीसेक वर्षं झाली. मुलांना मी एक वाक्य इतक्या वेळा सांगितलंय, की ती आता माझी नक्कल करतात: उतारा नीट वाचा, उत्तर उताऱ्यातच असतं. खिम्याच्या पाकिटाशीही मी तशीच वागते. पण हे अम्मीला सांगायची सोय नाही. ती म्हणते, खिमा वाचायचा नसतो, बघायचा असतो.

अम्मीचं माहेर-सासर दोन्ही खोपोलीचं. माझं लहानपण तिथेच गेलं. अब्बा कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी ते फजरनंतर पिशवी घेऊन निघायचे आणि बऱ्याचदा मला सोबत न्यायचे. खाटीकचाचांच्या दुकानात चिंचेच्या खोडाचा एक जाड ओंडका होता, मधोमध खोल झिजलेला. खिमा मशिनचा नसायचा. चाचा आधी मांसाचे तुकडे करत, मग दोन्ही हातांत दोन सुरे घेऊन त्या ओंडक्यावर ठोकत बसत. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. अब्बा काही बोलायचे नाहीत, नुसते बघत उभे राहायचे. घरी आल्यावर अम्मीचा पहिला प्रश्न ठरलेला: "डोळ्यांसमोर काढला ना?" दुसरा: "दस्ताचा की रानाचा?" रानाचा खिमा शिजल्यावर कोरडा पडतो, दस्तात जरा चरबी असते म्हणून तो मऊ राहतो, हे तिचं शास्त्र. आजही मला ते खरं वाटतं.

डोळ्यांसमोर का? तर खिमा झाला की मांसाची ओळख पुसली जाते. तुकडा असला की तो कुठला, किती जुना, त्यावर छिचडे किती, चरबी किती, हे दिसतं. एकदा बारीक झालं की सगळं एकसारखं लाल. मशिनमध्ये कालचं उरलेलं घातलं तरी कळणार नाही, आतडं-चामडं घातलं तरी कळणार नाही, आणि कोणत्या जनावराचं हे तर मुळीच कळणार नाही. अम्मी शाळेत चौथीपर्यंत गेली, पण खिम्याच्या बाबतीतली सगळी गोम तिने एका प्रश्नात बसवली होती.

(इथे थोडं विषयांतर करते, सवय आहे. उर्दूत हा शब्द क़ीमा. मूळ तुर्की, 'कियमा', म्हणजे बारीक कापलेलं. मराठीने त्याचा खिमा केला. आमच्या मुलांची गंमत अशी, की उर्दूत ख़ेमा म्हणजे तंबू. त्यामुळे मराठीच्या वहीत कधी 'आम्ही ईदला खेमा खाल्ला' असं येतं, आणि मी लाल पेनाने विचारते, दोऱ्यांसकट की नुसतं कापड?)

मग आमच्या घरात पाकीट आलं कसं? एका दिवसात नाही आलं.

आमच्यासारख्या पगारदार घरांत खिमा म्हणजे बहुतेक वेळा बड्याचा. बकऱ्याचं मटण आठवड्याला परवडणारी घरं आमच्यात तेव्हाही थोडी होती आणि आता ते किलोला आठशेच्या घरात गेल्यावर आणखी थोडी झाली. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. 2015 च्या मार्चमध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. म्हैस-रेडा बंदीत नाहीत. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग कायम ठेवला, मात्र परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. हे सगळं मी इतक्या तपशिलाने का सांगतेय, तर आमच्या बायकांना हे तोंडपाठ असतं आणि बाकीच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. आज बड्याचं म्हणजे म्हशीचं-रेड्याचं. कायद्याने ते विकता येतं, घेता येतं, शिजवता येतं. पण कायद्याने येणं आणि रस्त्याने येणं यात फरक आहे.

आमच्या ओळखीच्या खाटकाने दुकान कधी बंद केलं याची तारीख मला सांगता येणार नाही. आधी आठवड्यातून तीन दिवस उघडायचा, मग एक दिवस, मग शटरवर धूळ. माल येत नाही म्हणाला, गाडीवाला यायला घाबरतो. 2025 च्या पावसाळ्यात तर राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांत कुरैशी बिरादरीनेच जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. वाटेत गाड्या अडवायच्या, माणसांना मारायचं, कागद असले तरी जनावरं काढून घ्यायची, हे थांबेपर्यंत धंदा नको म्हणाले. त्यात जनावर विकणारा शेतकरीही अडकला, आणि तो बहुतेक वेळा मुसलमान नसतो. त्याच ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने पंधरा ऑगस्टला मांसाची दुकानं बंद ठेवायचा हुकूम काढला आणि त्यावर टीव्हीवर दोन-चार दिवस भांडण झालं. आमच्या स्टाफरूममध्येही झालं. मी गप्प बसले. मला त्या दिवशी खिमा नकोच होता, पण नको असणं आणि मिळू नये असं कुणी ठरवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं माझ्या मनात आलं.

तर असा कोपऱ्यावरचा ओंडका गेला आणि दुकानातला फ्रीझर आला. चिकनचा खिमा इथे मिळतो, बकऱ्याचा कधी मिळतो, बड्याचा हवा तर कल्याणला बहिणीकडे गेलं की तिथल्या दुकानातून आणायचा. गोठवलेला, पाकीटबंद.

त्या आणण्याची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

2024 च्या ऑगस्टच्या शेवटी धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ एका म्हाताऱ्या माणसाला तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. तो मुलीकडे कल्याणला निघाला होता आणि त्याच्याजवळ बरणीत मांस होतं. गुन्हा नोंदला गेला. पण तो व्हिडिओ तोवर आमच्या प्रत्येक फोनवर येऊन गेला होता. त्यात त्याला विचारतात, हे काय आहे, कुठून आणलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा मला आमच्या अब्बांसारखा वाटला. अब्बा आता नाहीत, पण असते तर तेही असेच दोन डबे घेऊन माझ्याकडे निघाले असते.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी कल्याणहून परत येत होते. बहिणीने दोन पाकिटं दिली होती, एक किलोची एकेक, म्हशीचा खिमा. पाकिटावर तसं छापलेलं. मी ती कापडी पिशवीत टाकली, वर ओढणी, वर तिने दिलेले पेरू. कर्जत लोकल, लेडीज डबा. उल्हासनगरला खिडकी मिळाली. आणि तिथे बसल्यावर मी काय केलं, तर पिशवीत हात घालून दोन्ही पाकिटं उलटी केली. छापलेली बाजू वर. बिल पर्समधून काढून पाकिटाशेजारी सरकवलं. कुणी विचारलंच तर पटकन दाखवता यावं म्हणून. सत्तेचाळीस पटांच्या वर्गाला व्याकरण शिकवणारी बाई मी, एका खिम्याच्या पाकिटाला साक्षीला उभं करत होते.

बदलापूर गेलं. वांगणी येईपर्यंत समोरची बाई माझ्या पायांकडे बघायला लागली. पन्नाशीची असेल, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर फुलांची टोपली. मी खाली बघितलं. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. गुलाबी पाणी. माझ्या चपलेपासून तिच्या चपलेपर्यंत एक बारीक ओघळ गेला होता.

माझे हात गार पडले. तोंडाला कोरड पडली, खरंच पडली. मनात वाक्य तयार करत होते, म्हशीचं आहे, बिल आहे, म्हशीचं आहे, बिल आहे.

ती म्हणाली, "ताई, पिशवी गळतेय तुमची. मटण आहे ना? असं आणायचं नाही, वास मारतो मग. डब्यात आणायचं." आणि टोपलीखालचा वर्तमानपत्राचा कागद काढून तिने ओघळावर टाकला, पायानेच पुसला आणि शेलूला उतरून गेली.

मी नेरळपर्यंत तशीच बसून होते. मला त्या बाईचे आभार मानायचे राहिले. पण त्याहून जास्त वेळ मी याचा विचार करत होते की तिने काहीच केलं नसताना मी तिला किती घाबरले.

घरी आल्यावर दुसरा विचार. पाणी गळलं, म्हणजे खिमा सुटला. सव्वा तासाचा लोकलचा प्रवास, बहिणीकडून स्टेशनपर्यंतची रिक्षा, सप्टेंबरचा उकाडा. आता हा परत फ्रीझरमध्ये टाकता येणार नाही. रात्री नऊ वाजता मी दोन किलो खिमा परतायला घेतला आणि मुलांचे अब्बा नाईट शिफ्टला निघता निघता म्हणाले, आज काय कुणाचा वलीमा आहे?

तेव्हापासून मी आणायचं आणि ठेवायचं शास्त्र गंभीरपणे घेतलं. आता जे सांगते ते थोडं वाचून, थोडं चुकून शिकलेलं.

खिमा इतर मांसापेक्षा लवकर का बिघडतो? अख्ख्या तुकड्यावर जे जंतू असतात ते वरच्या पृष्ठभागावर असतात. तुकडा भाजला, तळला की ते मरतात. खिमा करताना वरचं सगळं आत जातं आणि मिसळतं, आणि हवा लागायला जागाही कित्येक पटींनी वाढते. अमेरिकेत 1993 मध्ये एका हॉटेल-साखळीच्या कच्चट राहिलेल्या खिम्याच्या टिकियांमुळे सातशेच्या वर माणसं आजारी पडली, चार मुलं गेली. त्यानंतर तिकडचे नियम कडक झाले. तिथे आज सांगतात की खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस, आणि कोंबडीचा असेल तर 74 अंश तापला पाहिजे. आपल्या घरात थर्मामीटर कोण लावणार? पण आपला खिमा कांद्यात अर्धा तास भाजला जातो, त्यामुळे तिथे भीती नाही. भीती आहे ती शिगेवरच्या सीख कबाबात. वरून काळं, आतून गुलाबी. घरी कबाब केले की एक मोडून बघायचा, मगच पोरांना द्यायचा. आणि मीठ बरोबर आहे का हे बघायला कच्च्या खिम्याचं बोट चाटायची सवय, जी माझ्या सासूबाईंना होती आणि माझ्या जावेला आहे, ती सोडायची. तव्यावर चिमूटभर भाजून चाखा की.

रंगाने फसू नका. वरून लाल आणि आत तपकिरी दिसला म्हणजे दुकानदाराने जुना माल आत दडवला असं आपण लगेच म्हणतो. तसं असतंच असं नाही. मांसातल्या रंगद्रव्याला हवा मिळाली की लाल होतं, आत हवा पोचत नाही म्हणून काळपट राहतं. हवा काढून बंद केलेल्या पाकिटात तर ते जांभळट दिसतं, उघडून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की लाल होतं. सगळाच्या सगळा तपकिरी-करडा, बोटाला बुळबुळीत आणि आंबूस वासाचा असेल तर मात्र कितीही महाग असो, टाकायचा. पुन्हा भाजून, मसाला वाढवून तो सुधारत नाही. काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

दुकानातला फ्रीझर आधी बघा, पाकीट नंतर. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते हे काही नवीन नाही. एका दुकानात, नाव घेत नाही, मला पाकिटं एकमेकांना चिकटून एक ढेकूळ झालेली दिसली. सपाट असायला हवीत ती कोपऱ्यात वाकून गोठलेली, आत लालसर बर्फाचा थर. याचा अर्थ ती एकदा सुटली, पाणी सोडलं आणि परत गोठली. मी घाईत होते, घेतलं. घरी कापलं तर वास. पाहुणे बसलेले. अंड्याचं कालवण केलं. दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन गेले तर मालक म्हणाला, तारीख बघा मॅडम, अजून सहा महिने आहेत. तारीख खरी होती! पण ती तारीख उणे 18 अंशांवर ठेवलं तर, असं तिच्याच शेजारी लिहिलेलं असतं. ती अट तुटली की तारखेला काही अर्थ राहत नाही. त्याला मी हे वाचून दाखवलं. त्याने पैसे दिले, पण असं तोंड करून की मीच काही लबाडी केली.

आता पाकिटावरचा उतारा. मी आधी जनावर बघते. नुसतं 'मीट' किंवा 'मिन्स' लिहिलेलं मी घेत नाही. चिकन, गोट, बफेलो, काय ते स्पष्ट हवं. मग घटक. खिम्याच्या पाकिटात खिमाच असावा. पाणी, सोया, स्टार्च, मीठ-मसाला असेल तर तो तयार माल झाला, कबाबासाठी चालेल, खिमा-मटारला नको. मांसाहाराची खूण म्हणजे पूर्वी तपकिरी चौकोनात तपकिरी गोल असायचा, नव्या नियमात त्रिकोण आलाय, कारण रंग न ओळखणाऱ्यांना हिरवा गोल आणि तपकिरी गोल सारखाच. हा बदल मला फार आवडला. खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर. पॅक केल्याची तारीख म्हणजे जनावर कापल्याची तारीख नव्हे, हेही लक्षात ठेवायचं.

आणि हलालचा शिक्का. इथे येऊन बरेच वाचक थांबतील, म्हणून मीही थांबते.

शिक्का कुणाचा आहे हे मी वाचते. आपल्याकडे हे काम काही खासगी संस्था करतात, सरकार करत नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर शिक्का बघून माझं मन शंभर टक्के भरत नाही, आणि शिक्का नसला की शंभर टक्के उडतही नाही. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. काही लोक आम्हाला मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं होतं की नाही हे आम्हाला ठाऊक नसतं, असं हुजूर (स.) यांना विचारलं गेलं. उत्तर मिळालं, की तुम्ही नाव घ्या आणि खा. मौलानासाहेब सांगतात, आणि ते योग्यच आहे, की ते आणणारे लोक नुकतेच मुसलमान झालेले होते, तेव्हा याचा अर्थ डोळे झाकून काहीही खा असा काढू नये. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की चौकशी करावी, पण चौकशीचा आजार होऊ देऊ नये. माझ्या नात्यातल्या एक बाई लग्नाच्या जेवणात यजमानाला शिक्का विचारतात. तो बिचारा स्वतः खाटकाकडे पहाटे चारला जाऊन आलेला असतो.

2025 च्या मार्चमध्ये राज्यात झटका मटणासाठी 'मल्हार' नावाचं प्रमाणपत्र निघालं. माझ्या सहकारी बाईंनी मला जरा दबकत विचारलं, तुला राग आला का? मी म्हटलं, राग कशाचा, ज्याला जे हवं ते त्याला कळावं, पाकीट त्यासाठीच असतं. प्रश्न शिक्क्याचा नाही. एखाद्या तालुक्यात पिढ्यान्पिढ्या ज्या खाटकाकडून सगळ्या जातीचे लोक मटण घेत आले, त्याच्याकडे जाऊ नका असं सांगायला शिक्का वापरला तर मात्र मला बोलायचं आहे. त्या यावर काही बोलल्या नाहीत. मात्र पुढच्या आठवड्यात डब्यातला खिमा मागून खाल्ला, दोन पोळ्यांशी.

घरी ठेवण्याचं सांगायचं राहिलं. ताजा खिमा आणला तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, एक दिवस, फार तर दोन. खालच्या कप्प्यात अशासाठी, की गळलं तर कोथिंबिरीवर, दुधावर गळू नये. जास्त ठेवायचा असेल तर गोठवायचा, पण पिशवीचा गोळा करून नाही. मी पाव-पाव किलोच्या पिशव्या करते, लाटण्याने हलकेच सपाट करते, अंगठ्याएवढा जाड थर, हवा दाबून काढते आणि ताटात आडव्या ठेवून गोठवते. लवकर गोठतात, लवकर सुटतात, नंतर वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. पिशवीवर तारीख आणि जनावर, उर्दूत. मुलगी चिडवते की मराठीच्या टीचरचा फ्रीझर उर्दू माध्यमाचा. पुस्तकात तीन-चार महिने लिहिलेले असतात, पण ते उणे 18 च्या फ्रीझरसाठी. आमच्यासारख्या एका दाराच्या फ्रिजमध्ये वर जो बर्फाचा कप्पा असतो, ज्याचं दार पोरं दिवसातून वीस वेळा उघडतात, त्याचा काही भरवसा नाही. मी महिन्याच्या आत संपवते.

सोडवायचा तर आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्याच्या पातेल्यात. ओट्यावर सकाळपासून ठेवून शाळेला निघून जायचं नाही, जे मी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत रोज करत होते, अल्लाहने वाचवलं. सुटलेला कच्चा खिमा परत गोठवायचा नाही. शिजवून मग गोठवला तर चालतो.

वीज गेली तर? इथे मी आणि अम्मी दोघी बरोबर ठरलो, असा प्रसंग एकदाच आला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आत आमच्यापर्यंत झाडं, खांब, पत्रे सगळं घेऊन आलं. लॉकडाऊन चालू, दुकानांचा भरवसा नाही म्हणून मी फ्रीझर ठासून भरलेला. वीज कधी येणार कुणाला माहीत नाही. मी वाचलेलं, की भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. मी दारावर कागद चिकटवला: उघडणाऱ्याला शिक्षा. अम्मी तेव्हा माझ्याकडे होती. ती म्हणाली, एक दिवस तुझं पुस्तक चालू दे, मग माझं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सगळा खिमा मोठ्या देगचीत घातला, हळद, मीठ, आलं-लसूण, पाण्याचा थेंब नाही, आणि पाणी आटून तेल सुटेपर्यंत भाजत बसली. तिच्या लहानपणी फ्रिज नव्हतेच. बकरीदचं मांस हळद-मीठ लावून दोरीवर वाळवायचे, उन्हं असली तर. मराठवाड्याकडे अशा वाळवलेल्या मांसाला चान्या म्हणतात, शाहू पाटोळेंच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्यावर लिहिलंय. आमच्या जून महिन्यात मात्र कपडे वाळत नाहीत तिथे मांस काय वाळणार, म्हणून ही भाजणी. रात्री ताटं भरून चाळीत वाटलं. शेजारच्या वहिनींनी त्यांचं वितळत आलेलं श्रीखंड दिलं. पोरांना ते वादळ श्रीखंडासाठी आठवतं.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळत नाही. अम्मी खिमा गाळणीत घालून नळाखाली धुते. मी धूत नाही. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात, आणि खिमा पाणी धरतो तो वेगळाच. हे मी तिला चार वेळा समजावलं. तिने चारही वेळा शांतपणे ऐकलं आणि गाळणी उचलली.

तर त्या रविवारी पाकीट घेतलं. आता माझ्याकडे झाकणाचा डबा असतो, आत बर्फाच्या दोन बाटल्या. डबा घेऊन मी खोपोलीची गाडी पकडली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. अम्मी हल्ली भाईजानकडे असते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जवळचं दिसत नाही, म्हणून पाकीट मीच वाचून दाखवलं. बकरा आहे. दुसरं काही घातलेलं नाही. अमुक तारखेला पॅक केलं. शिक्का आहे. परवाना नंबर हा.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "आणि कापणाऱ्याचं नाव?"

मी पाकीट उलटंपालटं केलं. कंपनीचं नाव होतं, पत्ता होता, तक्रारीचा फोन नंबर होता.

"नाही लिहिलेलं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मटार सोल तू. गाळणी कुठे ठेवली बघ तुझ्या भावजयीने."